नागरी हक्क आणि महाडचा चवदार तळे सत्याग्रह

नागरी हक्क म्हणजे समाजाचा घटक या नात्याने प्रत्येक व्यक्तीला सार्वजनिक जीवनात इतरांच्या बरोबरीने वावरता यावे म्हणून कायद्याने मान्य केलेले हक्क. सार्वजनिक रस्ते, पाणवठे, शाळा, दवाखाने, न्यायालये, वाहने, उपाहारगृहे इत्यादींचा विनाभेद वापर, मालमत्ता धारण करणे, करार करणे व न्यायालयात दाद मागणे यांचा त्यांत समावेश होतो. मतदान करणे व निवडणुकीस उभे राहणे हे राजकीय हक्क होत. ते नागरी हक्कांना पूरक असले, तरी त्यांहून वेगळे आहेत. राजकीय हक्काचा वापर काही वर्षांतून एकदा होतो, नागरी हक्काचा मात्र दररोज. म्हणूनच तो नाकारला गेल्याची वेदनाही रोजची असते.

ही संज्ञा जगभर रूढ झाली ती मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशातील निग्रो जनतेच्या वांशिक समतेच्या लढ्यामुळे. भारतात तिला आणखी एक नेमका अर्थ आहे. ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’ या कायद्यानुसार, संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केल्यामुळे व्यक्तीला जो हक्क प्राप्त होतो, तो नागरी हक्क होय. या व्याख्येमागे दीर्घ संघर्षाचा इतिहास आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणजे तत्कालीन कुलाबा (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील महाड येथे १९२७ मध्ये झालेला चवदार तळ्याचा सत्याग्रह. कागदावरील हक्क आणि उपभोगातील हक्क यांत किती अंतर असते व ते कोणत्या मार्गाने कापावे लागते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील वर्णद्वेष व भारतातील जातिभेद यांची तुलना महाराष्ट्रात फार पूर्वीच झाली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला गुलामगिरी हा ग्रंथ, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

कुलाबा जिल्हा उत्तरेस पनवेलपासून दक्षिणेस महाड-पोलादपूरपर्यंत पसरला होता. या जिल्ह्यात नागरी स्वराज्य संस्था तुलनेने लवकर आल्या. पनवेलची नगरपालिका १८५२ मधील, म्हणजे राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक होती. नळपाणी येण्यापूर्वी कोकणातील अशा गावांचे जीवन विहिरींवर व तळ्यांवर अवलंबून असे. पनवेलची वडाळे व कृष्णाळे ही तळी त्याची साक्ष देतात. त्यामुळे तळ्यावर कोणाचा अधिकार, हा केवळ धार्मिक शुचितेचा प्रश्न नव्हता. तळे नगरपालिकेकडे आले, की ते एका जातीचे, आळीचे की सर्व नगराचे, असा नवा प्रश्न त्यातून उद्‌भवत होता.

महाड हे सावित्री व गांधारी या नद्यांच्या परिसरातील जुने व्यापारी गाव. तालुक्याचे ठाणे असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांना बाजारहाटासाठी, तसेच गावकामगार म्हणून सरकारी वसुलाचा भरणा करण्यासाठी तेथे यावे लागे. अस्पृश्यांच्या वस्तीतील विहीर गावाच्या मध्यभागापासून दूर होती. चवदार तळे गावात होते. पण त्याचे पाणी त्यांना वर्ज्य होते. स्पृश्य हिंदूंप्रमाणे मुसलमानही ते पाणी वापरीत, गुरेढोरे पीत. मज्जाव होता तो केवळ अस्पृश्यांना.

या परिसरात विरोधाची परंपराही जुनी होती. महाडजवळच्या दासगाव, रावढळ इ. गावांतील अनेक महार कुटुंबांत लष्करी सेवेची परंपरा होती आणि तिच्यामुळे तेथे शिक्षणाचा व आत्मसन्मानाचा शिरकाव झाला होता. रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये विटाळ विध्वंसन ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच आव्हान दिले होते. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा स्पृश्य सभासदांनी नापसंती दर्शविली.

बोले ठराव : ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा एक ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे निदेश दिले. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला.

अशा रीतीने हक्क कागदावर आला. तथापि पुढील तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने तळ्याचे पाणी घेतले नाही. ठरावाने नगरपालिकेचे मन वळविले होते. तळ्याभोवती राहणाऱ्यांचे नव्हे. हक्क बजावू पाहणाऱ्याला मार, बहिष्कार व उपजीविकेचा नाश यांना तोंड द्यावे लागले असते, आणि त्यापासून संरक्षणाची तरतूद ठरावात नव्हती. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव मांडला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, अशी सूचना त्यात होती. पहिला ठराव कागदावरच राहिल्याची ती कबुली होती.

मार्च १९२७ ची परिषद : कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. ती भरविण्यासाठी याच परिसरातील तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे व महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे स्पृश्य समाजातील सहकारीही परिषदेच्या उभारणीत होते. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून हजारो प्रतिनिधी आले. त्यांच्यासाठी लागणारे पाणी पैसे देऊन विकत घ्यावे लागले. परिषदेच्या विषयाचा याहून बोलका पुरावा नव्हता.

पहिल्या दिवशीच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडणे, शिळ्यापाक्या अन्नाची याचना थांबविणे, मुलांना शिकविणे व शेतीकडे वळणे यांवर भर दिला. हक्काची मागणी आणि स्वतःचे उत्थान या गोष्टी त्यांच्या विचारात अविभाज्य होत्या. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी, नगरपालिकेच्या ठरावाप्रमाणे सर्वांनी तळ्यावर जावे, अशी सूचना चित्रे यांनी केली. प्रतिनिधी रांगेने गावातून तळ्याकडे गेले. प्रथम डॉ. आंबेडकर यांनी व नंतर इतरांनी पाणी प्राशन केले. त्या वेळी कोणी अडविले नाही.

त्यानंतर मात्र अस्पृश्य वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई उठली. जमाव चालून आला. परतीच्या तयारीत असलेल्या व जेवत असलेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. मंडपातील अन्न मातीत मिसळण्यात आले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. प्रतिकार करण्याइतके संख्याबळ असूनही प्रतिनिधींनी डॉ. आंबेडकर यांच्या सांगण्यावरून संयम राखला. या प्रकरणी जून १९२७ मध्ये पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. दरम्यान, सनातनी मंडळींनी तळ्यात पंचगव्य ओतून मंत्रोच्चारासह त्याची ‘शुद्धी’ केली.

पाणी पिणे ही कृती मागणी, विनंती वा निवेदन यांहून निराळी होती. हक्क आधीच दिलेला आहे असे मानून तो बजावणे, हे तिचे स्वरूप होते. डॉ. आंबेडकर यांनी नंतर स्पष्ट केल्याप्रमाणे, त्या पाण्याविना अस्पृश्य तहानेने मरत होते असे नव्हे. आपणही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी त्यांना तळ्यावर जावयाचे होते. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या बहिष्कृत भारत या पाक्षिकातून त्यांनी या भूमिकेचे सविस्तर विवेचन केले.

डिसेंबर १९२७ ची सत्याग्रह परिषद : ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या संस्थेने हक्क मान्य केला होता, तिनेच तो काढून घेतला. तेव्हा २५ डिसेंबरपासून महाड येथे सत्याग्रह करण्याचे ठरले. केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी, ब्राह्मण सहकाऱ्यांना वगळावे या अटीवर पाठिंबा देऊ केला. परंतु आपला विरोध ब्राह्मण व्यक्तींना नसून उच्चनीचतेच्या वृत्तीला आहे, असे सांगून डॉ. आंबेडकर यांनी ती अट नाकारली.

विरोधकांनी या वेळी दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरला. तळे आपल्या खाजगी मालकीचे असून अस्पृश्यांना तेथे येण्याचा अधिकार नाही, असा दावा १२ डिसेंबर रोजी महाडच्या न्यायालयात डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दाखल झाला. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेसाठी गावात जागा मिळेना; अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थांच्या जागेत मंडप उभारला गेला. मुंबईहून डॉ. आंबेडकर पद्मावती या बोटीने निघून दासगाव बंदरात उतरले व तेथून महाडला आले.

२५ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी या परिषदेची तुलना १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. सर्व माणसे जन्मतः समान असून मरेपर्यंत समानच राहतात, या तत्त्वावर आधारलेला हक्कांचा जाहीरनामा परिषदेने संमत केला. त्याच रात्री सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या व पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. पहिली कृती कोणता समाज हवा हे सांगणारी, तर दुसरी कोणती समाजरचना नको हे सांगणारी होती.

सत्याग्रह करावा की मनाई हुकूम पाळावा, हा परिषदेपुढील कठीण प्रश्न होता. बहुसंख्य प्रतिनिधी तुरुंगवास पतकरण्यास तयार होते. कुलाब्याचे कलेक्टर हूड यांनी परिषदेत येऊन हुकूम मोडू नये असे सांगितले. डॉ. आंबेडकर यांनी अखेरीस सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. लढा सरकारशी नसून सामाजिक विषमतेशी आहे, सरकारला विनाकारण प्रतिपक्षात लोटू नये आणि न्यायालयात आपली बाजू सिद्ध करता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिनिधींनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. पाण्याला मात्र स्पर्श केला नाही. या निर्णयाने अनेकांची निराशा झाली. परंतु त्यामुळेच तळ्याचा प्रश्न पहिल्यांदा पुराव्याच्या कसोटीवर आला.

चवदार तळ्याचा दावा : हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठविण्यात आला. मूळ दावा जून १९३१ मध्ये व त्यावरील अपील जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले. तळे खाजगी नसून नगरपालिकेकडे निहित झालेले आहे, असे या न्यायालयांनी ठरविले. यानंतर वादींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे प्रश्न उरला तो प्रघाताचा. तळे सार्वजनिक असले, तरी ते केवळ स्पृश्यांनी वापरण्याचा प्रघात अनादी काळापासून चालत आला आहे व त्यास कायद्याचे बळ आहे, असे वादींचे म्हणणे होते.

१७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांच्या न्यायपीठाने हे अपील फेटाळले. तळे सुमारे चार-पाच एकरांचे. त्याच्या चारी बाजूंना नगरपालिकेचे रस्ते व त्यांपलीकडे घरे. आसपास अस्पृश्यांची वस्ती नाही. अशा स्थितीत पूर्वी अस्पृश्य तेथे पाण्यासाठी आले नसतील, तर तेवढ्यावरून त्यांना येण्याची बंदी होती असे ठरत नाही. कोणी एखादी वस्तू वापरली नाही, म्हणून ती वापरण्याचा त्याचा हक्क नाहीसा होत नाही, हा या निर्णयाचा मथितार्थ होता. वादींना प्रघाताची प्राचीनता सिद्ध करता आली नाही.

या निकालाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. प्रघात सिद्ध झाला असता, तर तो अवाजवी वा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, याचा विचार करावा लागला असता, एवढेच न्यायालयाने नमूद केले. त्या प्रश्नाचा निर्णय दिला नाही. अर्थात विजय पुराव्याच्या मुद्द्यावर झाला, समतेच्या तत्त्वावर नव्हे. दुसऱ्या एखाद्या गावच्या तळ्याचा मालक आपली मालकी वा जुना प्रघात सिद्ध करू शकला असता, तर अस्पृश्यांची वाट पुन्हा बंद झाली असती. ती उणीव दूर करण्यासाठी मूलभूत कायद्याचीच गरज होती.

अमेरिकेतील लढ्याशी तुलना : अमेरिकेत यादवी युद्धानंतर १८६५ ते १८७० या काळात संविधानात तीन दुरुस्त्या होऊन गुलामगिरी नष्ट झाली, नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मान्य झाले व वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. खाणावळी, वाहने, नाट्यगृहे यांत भेदभाव करण्यास १८७५ च्या कायद्याने मनाई केली. परंतु समान संरक्षणाचे कलम राज्यसंस्थेच्या कृतीला लागू आहे, खाजगी व्यक्तीच्या नव्हे, या कारणास्तव १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अवैध ठरविला. १८९६ मध्ये त्याच न्यायालयाने, वेगळी पण समान व्यवस्था वैध असल्याचे मानले. दक्षिणेकडील राज्यांत शाळा, गाडीतील आसने, इतकेच काय पिण्याच्या पाण्याचे नळही गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी निराळे झाले.

१९५४ मध्ये शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरले, तरी व्यवहार बदलला तो लोकांच्या प्रत्यक्ष कृतीमुळे. माँटगोमेरी येथील बसगाड्यांवरील बहिष्कार (१९५५–५६) मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली एका वर्षाहून अधिक काळ चालला. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्झबरो येथील एका दुकानाच्या उपाहारकक्षात चार निग्रो विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसून राहिले. दुकानात त्यांना वस्तू विकत घेता येत. बसून खाता मात्र येत नसे. महाडच्या बाजारात येणाऱ्या अस्पृश्याची स्थिती याहून वेगळी नव्हती. हक्क बजावण्याची कृती हेच आंदोलन, ही दोन्हींतील समान पद्धती होय. अखेर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अशा जागा सर्वांना खुल्या केल्या.

दोन्ही प्रश्न एकरूप मात्र नाहीत. वंशभेद वर्णावरून दिसून येतो. जातिभेद जन्म, विवाहसंबंध व विटाळाची कल्पना यांवर टिकून असतो. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे लोक आहेत, ही उपपत्ती डॉ. आंबेडकर यांनीच अमान्य केली होती. तरीही दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांना महत्त्वाचे वाटे. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ या काळात शिकले होते. १९४६ मध्ये त्यांनी निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे पाठविलेल्या निवेदनाची प्रत मागविली होती. पुढे १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेने अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून आपले नाव घेतले.

संविधान व कायदा : महाडच्या दाव्यात अनिर्णित राहिलेला प्रश्न भारतीय संविधानाने सोडविला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली व तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध असणार नाही, असे अनुच्छेद १५(२) मध्ये म्हटले आहे. राज्याच्या निधीतून चालविलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या पाणवठ्यांचा तेथील उल्लेख बोले ठरावाचे स्मरण करून देतो. विशेष म्हणजे, या तरतुदी केवळ राज्यसंस्थेवर नव्हे, तर खाजगी व्यक्तींवरही बंधनकारक आहेत. १८८३ मध्ये अमेरिकेत जो अडसर निर्माण झाला, तो येथे आरंभीच दूर झाला.

संसदेने १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम केला. १९७६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाल्या, अपराधांत आपसात तडजोड करण्याची मुभा काढून घेतली गेली आणि कायद्याला ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. या कायद्यातील एका कलमानुसार, अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध असा अपराध घडला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. तसे नसल्यास ते आरोपीने सिद्ध करावयाचे असते. महाडच्या दाव्यात प्रघाताचा पुरावा देण्याचा भार मज्जाव करणाऱ्यांवर पडला आणि त्यामुळेच तळे खुले झाले. तेच तत्त्व येथे फौजदारी कायद्यात आले. १९८९ मध्ये अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम संमत झाला. जुने अत्याचार थांबले नव्हते, हेही त्यावरून दिसते.

मूल्यमापन : महाड येथील लढ्याने तळ्याचे पाणी तत्काळ मिळवून दिले नाही, न्यायालयीन निर्णयास दहा वर्षे लागली. तरीही अस्पृश्यतेचा प्रश्न त्याने दयाबुद्धीच्या क्षेत्रातून हक्काच्या क्षेत्रात आणला, हे त्याचे खरे कार्य होय. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) याच मार्गावरील पुढचा टप्पा होता. २० मार्च व २५ डिसेंबर या दिवशी महाडला दरवर्षी हजारो लोक जमतात व तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात.

नागरी हक्काच्या सिद्धीला तीन गोष्टी लागतात : तो मान्य करणारा कायदा, तो बजावणारी व्यक्ती आणि बजावताना तिच्या पाठीशी उभे राहणारे शासन व न्यायालय. महाडमध्ये १९२४ मध्ये पहिली गोष्ट होती, १९२७ मध्ये दुसरी आली आणि १९३७ मध्ये तिसरी. या तिन्हींच्या पलीकडे चौथी गोष्ट उरते. ती म्हणजे शेजाऱ्याने मनापासून दिलेली मान्यता. डॉ. आंबेडकर जिला बंधुता म्हणत, ती हीच. तिच्या अभावी प्रत्येक पिढीला तळ्यापर्यंतची वाट पुन्हा चालावी लागते.